दर्गा, घराणे आणि मराठी आत्मकथन : मुस्लिम परंपरेतील तृतीयपंथीयांच्या स्वीकाराचा प्रश्न

प्रस्तावना

तृतीयपंथीयांच्या जीवनावर मराठीत झालेले लेखन अद्याप मोजकेच आहे आणि त्या लेखनावरील समीक्षा त्याहूनही मोजकी आहे. जी उपलब्ध आहे तिची सुरुवात बहुधा एका ठरावीक ठिकाणाहून होते. अर्धनारीनटेश्वर, शिखंडी, बृहन्नडा, अरावन, बहुचरा माता ही नावे पहिल्याच परिच्छेदात येतात. त्यानंतर मुघल दरबारातील ख्वाजासरांचा एखाद्या वाक्यात उल्लेख होतो, मग इंग्रजी राजवटीतील 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा येतो आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाचा 15 एप्रिल 2014 चा निकाल. हा क्रम इतका रूढ झाला आहे की त्यामागे काही गृहीतक आहे, याकडे लक्षच जात नाही. हिंदू परंपरेने तृतीयपंथीयांना अर्थ दिला आणि मुस्लिम परंपरेने त्यांना केवळ नोकरी दिली, असे ते गृहीतक आहे. एकीकडे पुराण, दुसरीकडे दरबार, अशी ही वाटणी आहे.

खुद्द 2014 च्या निकालपत्रातील ऐतिहासिक विवेचनही याच वाटेने जाते. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंग-ओळखीचा हक्क मान्य केला, ही गोष्ट क्रांतिकारक होती यात शंका नाही. परंतु त्यातील इतिहासाचा भाग वाचताना रामायण-महाभारतातील कथांना धार्मिक आशय मिळतो आणि इस्लामी जगातील स्थान मात्र ऑटोमन व मुघल राजदरबारातील अधिकारपदांपुरते मर्यादित राहते, हे लक्षात येते. दर्गा, सलाम, जनाजा, दफन आणि उरूस यांच्या आधाराने जगणारा जो तृतीयपंथी समाज आहे, त्याचा धर्म या विवेचनात कोठेच येत नाही.

प्रस्तुत लेखात मराठीतील काही महत्त्वाच्या कृती या दृष्टीने तपासल्या आहेत. मुस्लिम समाजात वा मुस्लिम वळणाच्या परंपरेत राहून स्वीकार शोधणारी तृतीयपंथी स्त्री मराठी साहित्यात का दिसत नाही, आणि ती जेथे ओझरती दिसते तेथे समीक्षेने तिच्याकडे का पाहिले नाही, हा येथील प्रश्न आहे. परभणीसारख्या जिल्ह्यात बसून तो विचारण्यास विशेष कारण आहे.

निजामी वारसा

मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. परभणी हा औरंगाबाद सुभ्यातील जिल्हा. प्रशासनाची भाषा उर्दू, बाजाराची भाषा मराठी आणि दखनी. मराठी साहित्याच्या इतिहासात या काळाचे चित्रण शोधू गेल्यास बी. रघुनाथ यांच्याकडे वळावे लागते. परभणी जिल्ह्यातील सातोन्याच्या या लेखकाने निजामी राजवटीतील माणसांचे जगणे कथा-कादंबऱ्यांतून मांडले. तथापि त्या काळातील हिजडा समाजाच्या नोंदी साहित्यात नव्हे, तर कायद्याच्या पुस्तकात सापडतात.

हैदराबाद संस्थानात 1329 फसली साली, म्हणजे 1919 मध्ये, हिजड्यांविषयीचा कायदा झाला. इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याचा साचा त्यात उचललेला होता. संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवणे, आणि त्यांच्यापैकी कोणी स्त्रीवेषात वा दागिने घालून रस्त्यावर दिसल्यास किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे केल्यास वॉरंटविना अटक करणे, अशा तरतुदी त्यात होत्या. राज्यपुनर्रचनेनंतर हा कायदा ‘आंध्र प्रदेश (तेलंगणा क्षेत्र)’ या नावाने पुस्तकात राहिला आणि तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो जुलै 2023 मध्ये. या तपशिलाचे महत्त्व दुहेरी आहे. इस्लामी राजवटीत तृतीयपंथीयांना सन्मान होता आणि इंग्रजांनी तो हिरावला, ही सोयीस्कर कथा येथे टिकत नाही. एका मुस्लिम राज्यकर्त्याच्या संस्थानाने इंग्रजांचाच कायदा आपलासा केला होता. सन्मान होता तो राज्यसत्तेच्या छायेतील काही थोड्यांना. रस्त्यावर टाळी वाजवणाऱ्यांना नोंदवही होती.

असे असूनही त्याच हैदराबादेत हिजडा समाजाने आपली ओळख मुस्लिम वळणाने घडवली. गायत्री रेड्डी यांचा हैदराबादेतील क्षेत्रीय अभ्यास 2005 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात जन्माने हिंदू असलेले हिजडेही समाजात आल्यावर स्वतःला मुसलमान मानतात, परस्परांना सलाम करतात, मृत्यूनंतर दफनाची रीत पाळतात, आणि तरीही बहुचरा मातेची पूजा सोडत नाहीत, असे चित्र येते. रेड्डी यांच्या विवेचनाचा मध्यवर्ती शब्द लिंग हा नाही, ‘इज्जत’ हा आहे. माणसाची ओळख शरीरावरून नव्हे तर घराण्यातील स्थान, गुरू, पोशाख, धर्माचरण आणि कमाईचा मार्ग या सर्वांच्या हिशेबातून ठरते, असे त्या मांडतात. मराठीत ‘स्वीकार’ या शब्दाचा जो अर्थ आपण सहज गृहीत धरतो, त्याहून हा अर्थ बराच वेगळा आहे. आपल्याकडे स्वीकार म्हणजे आईवडिलांनी घरात घेणे, शेजाऱ्यांनी हसू नये, सरकारने ओळखपत्र द्यावे. ‘इज्जत’ मात्र समाजाच्या आत मिळवावी लागते, ती कमी-जास्त होते आणि गमावताही येते.

‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ : दोन घरांची कथा

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन 2012 मध्ये मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे आहे. मराठीतील या विषयावरचे हे सर्वांत परिचित पुस्तक होय. त्याची समीक्षा दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या पठडीत झाली. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘उचल्या’ यांच्या रांगेत ते ठेवले गेले. उपेक्षितांचा आवाज, नाकारलेल्यांचा हुंकार हे शब्द त्याच्या वाट्याला आले. हे वर्गीकरण अगदीच चुकीचे नाही, पण पुस्तकाच्या रचनेशी ते नीट जुळत नाही. लक्ष्मी यांचे ठाण्याचे ब्राह्मण कुटुंब त्यांना टाकत नाही. आईवडिलांचे घर शेवटपर्यंत राहते. नृत्यशिक्षण, शहरी वावर, इंग्रजी भाषा हेही त्यांच्याकडे आहे. ‘उपरा’तील नायकाला जे एकही घर धड मिळत नाही, तेथे लक्ष्मी यांच्यापाशी दोन घरे आहेत : जन्माचे आणि घराण्याचे.

पुस्तकाचा खरा ताण या दोन घरांमध्ये आहे आणि शीर्षकातच तो स्पष्ट होतो. पहिला ‘मी’ समूहाचे नाव धारण करतो, दुसरा व्यक्तीचे. मधली तीन टिंबे या दोहोंतील अंतर दाखवतात. पुस्तक जसजसे पुढे सरकते तसतसा दुसरा ‘मी’ पहिल्यावर मात करतो. कार्यकर्तीचे प्रवास, परिषदा, प्रसिद्धीमाध्यमे यांना अधिकाधिक पाने मिळतात आणि घराण्याचे दैनंदिन जीवन मागे पडते. समाजात प्रवेश करतानाचा भाग मात्र फार महत्त्वाचा आहे. शबिना या हिजड्याच्या ओळखीतून लक्ष्मी लता गुरूंपर्यंत पोहोचतात, ‘रीत’ होते आणि त्या चेला बनतात. गुरू, चेला, नातीचेला, घराणे, नायक, जमात, रीत, बधाई या शब्दांचे जाळे येथे वाचकासमोर येते. यांतील काही शब्द संस्कृत कुळीचे, काही अरबी-फारसीचे. समाजाच्या आतल्या सांकेतिक बोलीचे नावही ‘फारसी’च आहे. ती इराणची फारसी नव्हे. तिचे व्याकरण हिंदुस्थानीच्या वळणाचे आणि शब्दसंपत्ती स्वतःची आहे. पण आपल्या गुप्त भाषेला हे नाव द्यावेसे वाटणे, यात एक सांस्कृतिक आकांक्षा दिसते. ज्या भाषेत दरबार चालत असे त्या भाषेचे नाव रस्त्यावरच्या माणसांनी आपल्या बोलीला दिले आहे.

मराठी समीक्षेने या शब्दांकडे केवळ ‘बोलीतील शब्द’ म्हणून पाहिले. गुरू-चेला हे नाते पाहून वारकरी वा नाथ परंपरेची आठवण काढणे सोपे असते. परंतु वंशावळ जपणारी घराणी, मोठ्यांच्या परवानगीशिवाय प्रवेश नसणे, गुरूच्या निधनानंतर गादीचा प्रश्न, उरुसाच्या निमित्ताने देशभरच्या जमातीचे एकत्र येणे या सर्वांची तुलना सूफी सिलसिल्याशीही तितक्याच सहजतेने होऊ शकते. ती झालेली नाही. येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘तृतीयपंथी’ हा मराठी शब्द अनेकांना अडचणीचा वाटतो आणि त्याऐवजी ‘पारलिंगी’ हा शब्द आता पुढे येत आहे. ‘पारलिंगी’ हा शब्द व्यक्तीच्या लिंगभावाविषयी बोलतो. त्याची गरज आहेच. पण ‘पंथ’ हा घटक गळून पडला की गुरू, घराणे, दर्गा हे सारेच दृष्टीआड होते. मुस्लिम वळणाच्या हिजडा जीवनाचे वर्णन करण्यासाठी जुना शब्दच अधिक उपयोगी ठरतो, हे काहीसे गमतीचे आहे.

नावांतील धर्म

या जीवनात नाव हा धर्माचा भरवशाचा पुरावा नसतो. मध्य प्रदेशातील सोहागपूरमधून 2000 मध्ये विधानसभेवर निवडून आलेल्या शबनम मौसी जन्माने ब्राह्मण कुटुंबातील होत्या. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा 1990 मधील एक प्रसिद्ध निवाडा हिजड्यांच्या वारसाहक्कासंबंधी आहे. त्यातील एका पक्षकाराचे नाव ‘बादशाह ऊर्फ कमला’ असे नोंदलेले आहे. मालमत्ता समाजाबाहेर न जाता गुरू-चेल्यांच्या परंपरेतच राहावी ही रूढी न्यायालयाने ग्राह्य धरली. कायद्याच्या भाषेतील ‘ऊर्फ’ हा शब्द सहसा गुन्हेगाराच्या टोपणनावासाठी येतो. येथे तो एकाच माणसातील दोन लिंगांच्या आणि दोन धर्मांच्या नावांना जोडतो.

मराठी कवितेत दिशा पिंकी शेख हे नाव गेल्या दशकात ठळकपणे पुढे आले. येवल्याच्या या कवयित्रीचा ‘कुरूप’ हा संग्रह आहे आणि 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून त्यांची नियुक्ती झाल्यावर त्यांची मोठी चर्चा झाली. या कवितेचे वाचन प्रामुख्याने आंबेडकरी आणि स्त्रीवादी दृष्टीने झाले. ते योग्यच होते, कारण कवयित्रीने स्वतः त्या विचारधारेशी नाते सांगितले आहे. परंतु तीन भिन्न कुळांतील शब्दांचे मिळून बनलेले हे नाव मराठी काव्यपरंपरेत काय घडवते, याचा विचार फारसा झाला नाही. मराठी कवींची नावे वाचताना जात आणि धर्म ओळखण्याची आपली सवय जुनी आहे. हे नाव त्या सवयीला दाद देत नाही.

याच संदर्भात मुस्लिम मराठी साहित्याच्या प्रवाहाचाही विचार करावा लागेल. हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ही कादंबरी 1965 ची. त्यांनी 22 मार्च 1970 रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली आणि तलाकपीडित स्त्रीचा प्रश्न मराठी वाचकांसमोर आणला. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन त्याच चळवळीच्या मुशीतून आले. या प्रवाहाने मुस्लिम समाजांतर्गत विषमतेविषयी लिहिण्याचे धैर्य दाखवले, पण त्याच्या कक्षेत स्त्री म्हणजे पत्नी, माता, कन्या. जी कोणाची पत्नी नाही आणि जिला कन्या म्हणून जन्मही मिळाला नाही, अशी स्त्री त्यात आली नाही. दुसरीकडे तृतीयपंथीयांच्या आत्मकथनांत धर्म हा प्रश्न दुय्यम राहिला. दोन्ही प्रवाहांच्या मधल्या जागेत मुस्लिम तृतीयपंथी स्त्री अलिखित राहिली.

दर्गा : स्वीकाराचे सार्वजनिक ठिकाण

राजन गवस यांची ‘चौंडकं’ (1985) आणि ‘भंडारभोग’ (1988) या कादंबऱ्यांनी यल्लम्मापंथी जोगतिणी-जोगत्यांचे जग मराठीत आणले. त्यांवर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर आधारलेला राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ हा चित्रपट 2009 मध्ये आला. मराठी वाचक-प्रेक्षकाच्या मनात पुरुषदेहातील स्त्रीवेषाचे जे चित्र आहे ते बव्हंशी येथून तयार झाले आहे. या कृतींत देवी माणसाला हक्काने मागून घेते. त्यामुळे सोडवणूक म्हणजे देवीपासून सुटका, असा त्यांचा स्वाभाविक कल असतो. धर्म हे बंधन, प्रेम ही मुक्ती.

दर्ग्याचे स्थान या मांडणीत बसत नाही. कल्याणजवळील हाजी मलंगचा दर्गा तृतीयपंथीयांच्या श्रद्धेचे मोठे ठिकाण आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे उरूस भरतो आणि दूरवरून हिजडे डोंगर चढून येतात. अजमेरच्या ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांच्या उरुसाला तर देशभरच्या जमाती जातात. तेथे कोणी त्यांना देवाला वाहत नाही. त्या स्वतः चादर वाहतात. मागून घेतले जाणे आणि स्वतः काही वाहणे यांत कर्तेपणाचा मोठा फरक आहे. शुभशकुन म्हणून बोलावले जाणारे आणि अपशकुन म्हणून हाकलले जाणारे शरीर येथे काही काळ केवळ भाविकाचे शरीर होते. हाजी मलंगच्या दर्ग्याचे व्यवस्थापन परंपरेने केतकर या ब्राह्मण कुटुंबाकडे आहे आणि त्यासंबंधीचा वाद 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याच जागेवर 1980 च्या दशकापासून मलंगगड म्हणून धार्मिक दावा सांगणारे आंदोलनही उभे राहिले. दर्गा कोणाचा, या वादात दोन्ही बाजूंची कागदपत्रे येतात, जुने निवाडे येतात. शेकडो वर्षांचा दावा कोणाही हिजड्याने केलेला नाही, आणि त्यांची चढण मात्र चालू आहे.

परभणीतील हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. जिल्ह्यातील हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची त्यावर श्रद्धा आहे. मराठवाड्यातील अनेक लेखकांच्या आठवणींत अशा उरुसांचे पाळणे, मिठाईची दुकाने आणि कव्वाली सापडते. गर्दीचे वर्णन करताना हिजडे हा गर्दीचा रंग म्हणून येतो आणि पुढच्या वाक्यात नाहीसा होतो. त्याने चादर चढवली का, त्याच्या सलामाला कोणी उत्तर दिले का, तो रात्री कोठे थांबला, हे प्रश्न लेखकाला पडत नाहीत. इज्जतीचा हिशेब मात्र नेमका या प्रश्नांतच दडलेला असतो.

याबाबतीत भाबडेपणा मात्र नको. दर्गा सर्वांना सामावून घेतो, हे अर्धेच सत्य आहे. दर्ग्यावरील प्रथांना सुधारणावादी मुस्लिम प्रवाहांचा आक्षेप असतो आणि तेथील हिजड्यांची उपस्थिती हा त्या आक्षेपाचा सोपा पुरावा बनते. मशिदीचा प्रश्न तर वेगळाच आहे. अभिजात हनफी फिक्‌हमध्ये ‘खुन्सा’ म्हणजे जन्मतः संदिग्ध लिंगाच्या व्यक्तीने नमाजात पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या रांगांमध्ये उभे राहावे, असे सांगितले आहे. शास्त्रात म्हणजे एक जागा आखलेली आहे. परंतु ‘मुखन्नस’, म्हणजे पुरुषदेहात स्त्रीसारखा वावरणारा, यांच्याविषयीची मते अधिक कठोर आणि परस्परभिन्न आहेत. बहुसंख्य हिजडे या दुसऱ्या वर्गात पडतात. शास्त्राने आखलेली ती मधली रांग प्रत्यक्षात क्वचितच कोणी पाहिली असेल.

अंजुमचा ख्वाबगाह

मराठीत जे नाही ते भारतीय इंग्रजी कादंबरीत आले. अरुंधती रॉय यांची ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपीनेस’ ही कादंबरी 2017 ची. जुन्या दिल्लीतील मुस्लिम कुटुंबात आफताब म्हणून वाढलेले मूल अंजुम होते आणि ‘ख्वाबगाह’ या हिजड्यांच्या घरात राहू लागते. आईला सत्य समजते तेव्हा ती हजरत सरमद यांच्या दर्ग्याकडे जाते. उस्ताद कुलसूम बी नव्या चेल्यांना लाल किल्ल्यातील ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहायला नेतात. त्यात दरबारातील एका हिजड्याचे हसणे क्षणभर ऐकू येते. तेवढ्या हसण्यात कुलसूम बी आपला इतिहास ऐकतात. ‘दरबार’ या रूढ चौकटीचा इतका मार्मिक उपयोग दुसरीकडे क्वचित आढळेल. न्यायालयीन निकालपत्रात जो दरबार अभिमानाचा दाखला असतो, तो येथे काही सेकंदांचा आवाज उरतो. शिवाय त्यासाठी तिकीट काढावे लागते.

कादंबरीचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. 2002 च्या गुजरात हिंसाचारात अडकून परतलेली अंजुम ख्वाबगाहात पुन्हा रुळू शकत नाही. ती कब्रस्तानात राहायला जाते आणि तेथे ‘जन्नत गेस्ट हाउस’ उभे करते. येथे एका व्यक्तीचे दोन धोके एकत्र येतात. दंगलीत ती मुसलमान म्हणून मारली जाऊ शकते, आणि हिजडा आहे म्हणून वाचते. शहरात ती हिजडा म्हणून अवमानित होते, आणि कब्रस्तानात मुसलमान म्हणून तिला जागा आहे. मराठीतील तृतीयपंथी आत्मकथनांत ही गुंतागुंत नाही, कारण तेथे धर्म हा धोका म्हणून येतच नाही. रॉय यांच्या कादंबरीवर पसरटपणाचा आरोप झाला आणि तो उत्तरार्धाच्या बाबतीत बराचसा खरा आहे. ख्वाबगाहाचा भाग मात्र स्वतंत्र लघुकादंबरी म्हणूनही उभा राहील.

आफताबच्या जन्मानंतर आईला पडलेला पेच भाषेचा आहे. तिच्या उर्दूत प्रत्येक वस्तूला लिंग आहे, मग भाषेबाहेर जगता येईल का? मराठीला तीन लिंगे आहेत. ‘ते मूल’ म्हणण्याची सोय मराठी आईला आहे. पण ही सोय फार काळ टिकत नाही. मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदही लिंगानुसार बदलते. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, याचा निर्णय आत्मकथनाच्या प्रत्येक वाक्यात करावा लागतो. ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’चे इंग्रजी भाषांतर आर. राज राव आणि पी. जी. जोशी यांनी 2015 मध्ये केले. त्यात हा निर्णय आपोआप नाहीसा होतो, कारण इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही. मराठी समीक्षकाला मात्र शब्दांकित मजकूर वाचताना क्रियापदाचे लिंग सांगणाऱ्याचे आहे की लिहिणाऱ्याचे, हे तपासावे लागेल. या अंगाने आपल्याकडे अद्याप काम झालेले नाही.

सरहद्दीपलीकडे, आणि आखाड्यात

इतर मुस्लिम समाजांतही हा शोध सुरळीत झालेला नाही. इंडोनेशियातील योग्याकार्ता येथे 2008 मध्ये ‘वारिया’ म्हणजे तृतीयपंथी स्त्रियांसाठी एक पेसांत्रेन, म्हणजे धार्मिक पाठशाळा, सुरू झाली. त्या तेथे कुराण वाचत आणि आपापल्या पसंतीच्या पोशाखात नमाज पढत. फेब्रुवारी 2016 मध्ये कट्टर गटांच्या दबावामुळे ती बंद करणे भाग पडले. पाकिस्तानात 2018 मध्ये तृतीयपंथीयांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि मे 2023 मध्ये संघीय शरियत न्यायालयाने त्यातील स्वयंनिर्धारित लिंग-ओळखीसारख्या प्रमुख तरतुदी इस्लामविरोधी ठरवल्या. इराणमध्ये 1980 च्या दशकात आयातुल्ला खोमेनी यांच्या फतव्याने लिंगबदल शस्त्रक्रियेला मान्यता मिळाली. पण ती शस्त्रक्रियेला होती, मधल्या अवस्थेला नव्हे. हिजड्यांची भारतीय परंपरा या तिन्हींहून भिन्न आहे. ती शास्त्राची परवानगी मागत नाही आणि शस्त्रक्रियेने प्रश्न मिटवतही नाही. घराणे आणि दर्गा यांच्या आधारे ती आपली जागा राखते.

ही जागा भारतात दुसऱ्या बाजूने आकसत आहे. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने 2015 मध्ये किन्नर आखाड्याची स्थापना झाली. 2016 च्या उज्जैन सिंहस्थात आणि 2019 च्या प्रयागराज कुंभात त्याची मोठी मिरवणूक निघाली. सन्मान मिळाला, छायाचित्रे प्रसिद्ध झाली. 2018 मध्ये त्यांनी अयोध्येतील राममंदिराला पाठिंबा दिल्यावर अनेक तृतीयपंथी व्यक्तींनी आणि गटांनी जाहीर निवेदन काढून आक्षेप घेतला. आपली परंपरा हिंदू-मुस्लिम मिश्र आहे, हा त्या आक्षेपाचा गाभा होता. 2012 च्या आत्मकथनाचा वाचक आज या घटना विसरून ते पुस्तक वाचू शकत नाही. शीर्षकातील दुसऱ्या ‘मी’ची जी वाढ पुस्तकात दिसते, तिचा पुढचा टप्पा आखाड्यात आहे असे वाचन करता येते. ‘हिजडा’ या शब्दाची जागा ‘किन्नर’ने घेतली आणि त्याबरोबर सलामाची जागा आशीर्वादाने घेतली. लक्ष्मी यांच्या श्रद्धेवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. प्रश्न वाचनाचा आहे. समीक्षेने पुराणाला अर्थ आणि दरबाराला नोकरी अशी वाटणी आधीच करून ठेवली असल्यामुळे हा बदल मराठी वाचकाला बदल वाटलाच नाही. तो मूळ स्थानी परतण्यासारखा वाटला. शबिना, शबनम, ‘बादशाह ऊर्फ कमला’ यांना या परतीच्या वाटेवर जागा कोठे, हे कोणी विचारले नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या लिंगनोंदीखाली 40,891 व्यक्ती मोजल्या गेल्या. देशाचा आकडा 4,87,803 होता. या संख्येत कोण कोणत्या घराण्याचा, कोण कोणता उरूस करतो, कोणाला कोठे पुरले जाते, हे कळण्याचा मार्ग नाही. ते कळण्याचा मार्ग साहित्य हाच असू शकतो. दफनाचा विषय तर मुद्दाम सांगावा लागेल. हिजड्यांची अंत्ययात्रा मध्यरात्री निघते, प्रेताला चपला मारतात, अशा कहाण्या मराठी वर्तमानपत्रांत आणि आता मोबाईलच्या पडद्यावर पुराव्याविना फिरत असतात. जनाजाची नमाज कोण पढतो, खांदा कोण देतो, कबरीवर कोणते नाव लिहिले जाते, ही साधी माहिती मात्र एकाही मराठी पुस्तकात विस्ताराने आलेली नाही. दिल्लीत मेहरौली येथे लोदीकालीन ‘हिजड्यांची खानकाह’ आहे. तेथील पांढऱ्या चुन्याच्या कबरींची देखभाल आजही समाजाकडून होते. मराठवाड्यात तशी एखादी जागा असल्यास तिची नोंद गॅझेटियरमध्ये नव्हे, जमातीच्या स्मरणात असेल.

उद्या परभणी, जिंतूर वा पाथरीतील एखाद्या मुस्लिम तृतीयपंथी स्त्रीने आपली हकीकत सांगायला घेतली, तर ती बहुधा दखनीत सांगेल. बाजारातले व्यवहार मराठीत सांगेल आणि आतल्या गोष्टी आतल्या ‘फारसी’त. ते मराठीत उतरवणारा शब्दांकनकार ‘इज्जत’ला ‘प्रतिष्ठा’ करील की ‘इज्जत’च ठेवील, गुरूला केलेला सलाम ‘नमस्कार’ होईल का, आणि लहानपणच्या आठवणीत क्रियापद ‘आलो’ असेल की ‘आले’, यावर त्या पुस्तकातील बाईचा धर्म आणि तिचे लिंग दोन्ही अवलंबून राहतील.